'टँकर सुरेख काढलेत, पण माहिती कुठंय?' : इन्फोग्राफिक शिकायचं तरी कसं?

शाईचा_डाग | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं आईच्या आयडीवरून वाचनमात्र होते. स्वतःच्या आयडीचा हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात, घोडबंदर रोडला राहते. अप्लाइड आर्टचं दुसरं वर्ष. या सत्रात 'इन्फर्मेशन डिझाइन' असा विषय आहे. पहिलं असाइनमेंट होतं की स्वतः गोळा केलेली माहिती घ्यायची आणि एका ए-३ कागदावर इन्फोग्राफिक (म्हणजे चित्रांतून माहिती सांगणारा तक्ता) करायचं. आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय म्हणजे पाण्याचा टँकर. वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये रजिस्टर असतं, त्यात प्रत्येक टँकरची तारीख, वेळ, गाडी नंबर लिहितात. मी दोन वर्षांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि तीन रात्री जागून काम केलं. दर महिन्याला एक टँकर, आणि जितक्या खेपा तितका टँकर मोठा. निळ्याच्या बारा छटा, खाली लाटा, कोपऱ्यात कोरडा नळ. मैत्रिणी म्हणाल्या, फ्रेम करून लाव.

सरांनी दोन मिनिटं पाहिलं, "टँकर सुरेख काढलेत, पण माहिती कुठंय?" म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचंय.

तर याची तत्त्वं शिकायची कुठून? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आणि चित्र छान दिसलं तर बिघडलं काय? (हा शेवटचा प्रश्न रागात आहे.)

डबलफास्ट | रात्री ११:१८

घोडबंदरला टँकर न येणारी सोसायटी सापडली तर तिचं इन्फोग्राफिक कर. एक खांब, उंची शून्य.

नेरूळकरीण | रात्री ११:४०

स्वागत गं. मी पोटापाण्यासाठी डॅशबोर्ड करते, म्हणजे साहेबलोक मीटिंगमध्ये ज्याच्याकडे बघत नाहीत ते.

एक सांग, मार्चमध्ये किती खेपा होत्या आणि मेमध्ये किती? आणि चित्रात मेचा टँकर केवढा काढलास?

शाईचा_डाग | रात्री ११:४६

मार्चमध्ये ८, मेमध्ये २४. तिप्पट, म्हणून टँकर तिप्पट मोठा केला. उंचीला तीनपट आणि लांबीलाही तीनपट, नाहीतर चपटा झाला असता.

नेरूळकरीण | रात्री ११:५८

इथेच पाणी मुरतंय. उंची तिप्पट, लांबी तिप्पट म्हणजे कागदावरची जागा नऊपट. तू तिप्पट म्हणतेयस आणि डोळ्याला नऊपट दिसतंय. आकडा खरा आणि चित्र खोटं, तेही तुझ्या नकळत.

१९८४ साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी लोकांना आलेख दाखवून तपासलं होतं की माणसाचा डोळा कशाचा अंदाज बरोबर करतो. एकाच मोजपट्टीवरच्या ठिपक्यांच्या जागा सगळ्यात अचूक वाचल्या जातात. मग लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ. रंगाची छटा पार खाली. आता तुझा कागद बघ. महत्त्वाचा आकडा तू क्षेत्रफळात घातलास आणि महिना निळ्याच्या छटेत. बारा निळ्यांमधला जुलै कुठला, हे तुला तरी ओळखता येतंय का?

शाईचा_डाग | मंगळवार, रात्री १२:०३

नाही. 😐

पॉपकॉर्न_घेऊन_बसलोय | सकाळी ९:१५

आता हे सगळं शिकून करायचंय काय? एआयला सांगा, दोन मिनिटांत इन्फोग्राफिक हजर.

डबलफास्ट | सकाळी ९:३१

करून बघितलंय. बारा महिन्यांचे तेरा खांब आले आणि एका महिन्याचं नाव 'फेब्रवुरी' होतं. दिसत मात्र झकास होतं. सर म्हणाले असते, महिना सुरेख काढलाय.

खडूस_मास्तर | सकाळी १०:०५

कुठलं सॉफ्टवेअर हा शेवटचा प्रश्न आहे, तो सगळे पहिला विचारतात. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून हा आगाऊपणा. गोखले रोडला जा, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून आलेख कागदाची वही आण आणि पेन्सिलीने दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी तीच माहिती काढ. नऊ फेकून दे.

आलेख दुसऱ्याला दाखवण्याआधी स्वतःला बघायला काढायचा असतो. अ‍ॅन्स्कोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच दिले. चारही संचांची सरासरी, विचलन, सहसंबंध जवळजवळ तंतोतंत सारखे. तक्त्यात बघाल तर चौघे जुळे भाऊ. कागदावर काढलं की पहिला साधारण सरळ रेषेत जातो, दुसरा कमानीसारखा वळतो, तिसऱ्यात एक बिंदू रेषा सोडून भलतीकडे, आणि चौथ्यात दहा बिंदू एकावर एक उभे नि अकरावा दूर कोपऱ्यात रुसलेला. तुझ्या रजिस्टरमध्ये रुसलेला बिंदू कुठे आहे ते शोधलंस का? तू तर महिन्याची बेरीज करून मोकळी झालीस. तारीख आणि वेळ होती ना लिहिलेली? ती कुठे गेली?

आणि हो, खांब काढशील तर शून्यापासून. नऊशेपासून खांब सुरू करणारे लोक मी वर्तमानपत्रांत रोज बघतो आणि रोज चहा कडू होतो.

नेरूळकरीण | सकाळी १०:२०

सर, खांबांना अनुमोदन. रेषेच्या आलेखाला मात्र शून्य सक्तीचं नाही. तापलेल्या पोराचा आलेख शून्यापासून काढलात तर ९८ आणि १०३ एकाच पातळीवर दिसतील, डॉक्टर म्हणेल पोरगं ठणठणीत आहे.

खडूस_मास्तर | सकाळी १०:२६

मान्य. खांबाची लांबीच बोलते, म्हणून तिला कापायचं नाही. रेषेत चढ-उतार बोलतो. (पण तापाला खांब काढणारेही भेटलेत.)

रंगायतनची_पायरी | दुपारी १:१२

मी पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढते. वरच्या दोघांचं पटतंय, तरी या पोरीला एकदम आलेखाच्या वहीत कोंडू नका. 'सजावट नको, शाई वाचवा' हा धर्म मलाही कॉलेजात शिकवला होता, आणि त्या धर्मातली चित्रं मला एक आठवत नाहीत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल घ्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे तिला लंडनच्या मोठ्या लोकांच्या गळी उतरवायचं होतं. १८५८ मध्ये तिने काढलेला तो पाकळ्यांचा आलेख बघा. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्यात. खांब काढले असते तर जास्त अचूक वाचता आले असते, यात वाद नाही. पण पानं उलटणारा माणूस त्या निळ्या पाकळ्यांपाशी थांबतो. आणि बाई हिशेबाला पक्की होती, आकडा तिने पाकळीच्या लांबीला दिला नाही, क्षेत्रफळाला दिला. आपल्या टँकरबाईंनी नेमकं तिथे माती खाल्ली, बाकी हात चांगला दिसतोय.

टँकर ठेवायचाच असेल तर उपाय शंभर वर्षं जुना आहे. व्हिएन्नात १९२०च्या दशकात ओटो नॉयरात आणि त्यांच्या मंडळींनी चित्रलिपी तयार केली, तिला पुढे आयसोटाइप म्हणू लागले. त्यातली चित्रं गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराची. त्यांचा नियम असा की संख्या वाढली म्हणून चित्र मोठं करायचं नाही, तेवढंच चित्र जास्त वेळा काढायचं. आठ खेपांना आठ छोटे टँकर, चोवीसला चोवीस, सगळे एका मापाचे, ओळीत. मोजताही येतात आणि ओळीची लांबी खांबासारखी दिसते. त्यांच्याकडे आणखी एक पद होतं, आकडेवाले आणि चित्रकार यांच्या मधला माणूस. या ढिगातून लोकांना नेमकं काय सांगायचं, हे तो ठरवायचा. मारी रायडेमायस्टर ते काम करायच्या. तुझे सर तुझ्याकडून तेच काम मागत असावेत.

शाईचा_डाग | दुपारी १:३०

हे कोणीच सांगितलं नव्हतं! म्हणजे टँकर वाचला. थँक यू ताई.

तिरपी_पट्टी | दुपारी ३:४४

रंगांवरून माझं गाऱ्हाणं. मला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारात एकाला असा काही ना काही दोष असतो म्हणतात, म्हणजे मी काही दुर्मीळ प्राणी नाही.

आता लोकलचा डबा आठवा. फर्स्ट क्लासला तिरप्या पट्ट्या लाल-पिवळ्या, लेडीजला हिरव्या-पिवळ्या. एकोणीस वर्षांचा असताना ठाण्याला धावत्या गाडीत फर्स्ट क्लासच्या पासवर रुबाबात चढलो आणि कळव्यापर्यंत जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून मी पट्ट्या बघतच नाही, डब्यावरचं पदर घेतलेल्या बाईचं चित्र बघतो. ज्याने कोणी ते चित्र लावायचं ठरवलं, त्याला माझ्यातर्फे एक वडापाव.

तेव्हा ताई, रंगाने जे सांगशील ते आकाराने किंवा शब्दानेही सांग. कागद एकदा काळा-पांढरा झेरॉक्स करून बघ. त्यात मेला तर माझ्यासाठीही मेला.

डबलफास्ट | दुपारी ३:५०

हसून हसून पुरेवाट. लोकलचा विषय निघालाच आहे तर जुना इंडिकेटर आठवा. इंग्रजीत कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस. आणि स्लो गाडीलाही एस! पहिल्यांदा कर्जत स्लो लागलेली बघून मला वाटलं, 'लई स्लो' असेल.

मी_अजून_इथेच | दुपारी ४:०२

कल्याणनंतर एक फाटा ईशान्येला, एक आग्नेयेला, त्यावरून ते एन आणि एस. रेल्वेवाल्यांच्या डोक्यात एकदम फिट्ट, प्रवाशाच्या डोक्यात गोंधळ. अवांतर: वाशीत सेक्टर ९ च्या पुढे १० असेल या भरवशावर कोणी राहू नये.

नेरूळकरीण | दुपारी ४:०८

सिडकोच्या सेक्टरांबद्दल माझ्या नवऱ्याच्या मावसभावाने रिक्षात बसून जे उद्गार काढले, त्यांचं स्वतंत्र इन्फोग्राफिक होईल.

अ‍ॅडमिन | दुपारी ४:३०

सेक्टरांसाठी वेगळा धागा आहे, ३१२ प्रतिसाद झालेत. इथे मूळ विषयावर या.

कंट्रोलकाका | रात्री ९:२०

मूळ विषयावर येतो, पण गाडी घेऊनच.

मी मध्य रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. आता निवृत्त, कोपरीत राहतो. 'इन्फोग्राफिक' हा शब्द नोकरीत कधी ऐकला नाही, पण रोज आठ तास एकच काढत होतो. त्याला आम्ही चार्ट म्हणायचो.

टेबलभर कागद. आडवी वेळ, उभी स्टेशनं. स्टेशनांच्या रेघा समान अंतरावर नसतात, जितके किलोमीटर तितकं अंतर. कानाला हेडफोन, स्टेशनमास्तर सांगणार, अमुक गाडी इतक्या वाजता गेली, की आपण ठिपका द्यायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा. एक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी जोरात. गाडी थांबली की रेघ आडवी. डाऊन एका बाजूला कललेल्या, अप दुसऱ्या. मेल-एक्सप्रेसची पेन्सिल वेगळ्या रंगाची, मालगाडीची वेगळ्या.

कसारा-इगतपुरी घाट चार्टवर न वाचता कळतो. चढ ३७ ला १, मागून बँकर इंजिनं लावून गाडी ढकलायची. कसाऱ्यापर्यंत उभी आलेली रेघ तिथे थकल्यासारखी कलंडते, इगतपुरी गेली की पुन्हा उठते. नव्या पोरांना मी घाट असा शिकवायचो, नकाशा दाखवत नसे.

एक गाडी रखडली की तिच्या मागच्या रेघा एकामागोमाग वाकतात, नांगराचे तास दगडाला वळसा घालून जावेत तशा. आमचे जुने चीफ दारातूनच बघून म्हणायचे, "तिकडे काय झालंय रे?" आकडा एकही वाचलेला नसायचा. सिंगल लाइनवर समोरासमोरच्या दोन रेघा एकमेकींना छेदणार, तो बिंदू स्टेशनच्या रेघेवरच पाहिजे. दोन स्टेशनांच्या मध्ये आला तर दुसऱ्या दिवशी पेपरात.

पुढे कॉम्प्युटर आला, रेघा आपोआप पडू लागल्या. चार्ट तोच राहिला.

आता बेटा, तुझ्या कागदावर टँकर आहेत, पण वेळ नाही. टँकर ही येणारी-जाणारी वस्तू आहे ना? मग तिचा चार्ट पाहिजे. आडव्या तारखा घे, उभे दिवसाचे चोवीस तास. प्रत्येक खेपेला एक ठिपका. बेरीज करू नकोस. आधी सगळे ठिपके दे आणि खुर्ची मागे घेऊन लांबून बघ.

नेरूळकरीण | रात्री ९:४१

काका, दंडवत! एकोणिसाव्या शतकात मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पुस्तकात पॅरिस-लिऑं गाड्यांचा असाच आलेख आहे. आम्हाला तो 'अभिजात नमुना' म्हणून दाखवला होता. कोपरीत जिवंत माणूस बसलाय हे माहीत असतं तर फी वाचली असती.

खडूस_मास्तर | रात्री ९:५५

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. त्या दुपारच्या चार्टवर रेघ एकच पडली असेल. कंट्रोलरची काय चैन!

कंट्रोलकाका | रात्री १०:०१

चैन कसली, पहिलीच गाडी, सगळे साहेब डोक्यावर उभे असतील.

मुक्त_वेलांटी | बुधवार, सकाळी ११:२५

कागद मराठीत करणार आहेस का? मग अक्षरांचं आत्ताच बघ. शिकवणी बहुतेक इंग्रजी नमुन्यांवर चालते, आणि इंग्रजीच्या मापाने ओळींत जागा सोडली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. ओळींमध्ये जास्त हवा ठेव. उभ्या अक्षावर नावं उभी फिरवून लिहू नकोस, शिरोरेषा उभी झाली की वाचणाऱ्याची मान मोडते. लहान आकारात १ आणि ९ एकसारखे दिसतात, तुझ्या कागदावर तर तारखाच तारखा. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' वापरून बघ, फुकट आहे आणि त्यात बारीक ते जाड बरेच प्रकार मिळतात, म्हणजे शीर्षक, नावं, टिपा एकाच फाँटात भागतं. छापून, हातभर लांब धरून वाच. स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.

पॉपकॉर्न_घेऊन_बसलोय | सकाळी ११:४०

माझा एआयवाला प्रश्न तसाच राहिला.

खडूस_मास्तर | सकाळी ११:४८

त्याला चित्र काढता येईल हो. वॉचमनच्या केबिनमध्ये बसून रजिस्टर कोण उतरवणार?

शाईचा_डाग | पुढचा गुरुवार, रात्री १०:३०

मंडळी, आले परत. सोमवारी दाखवायचंय, त्याआधी इथे.

काकांनी सांगितलं तसं केलं. आलेख कागदाचे आठ ताव चिकटवले, दोन वर्षांच्या तारखा आडव्या, तास उभे, आणि साडेतीनशेच्या वर ठिपके. आई म्हणाली, रांगोळी घालतेयस का? मग भिंतीला लावून लांबून बघितलं.

आमच्याकडे सगळे म्हणतात, मेमध्ये टँकर लागतात. मेमध्ये दाटी आहेच. पण वर्षभर दर शनिवार-रविवारी सकाळी सहा ते नऊ ठिपक्यांचा आडवा पट्टा दिसतो, पावसाळ्यातसुद्धा! महिन्याच्या बेरजेत तो पार बुडला होता. आणि गेल्या नोव्हेंबरात तीन आठवडे रोज रात्री खेपा, एक काळा डाग पडल्यासारखा. हाच मास्तरांचा रुसलेला बिंदू. वॉचमनकाकांना दाखवला तर लगेच म्हणाले, "तेव्हा खालची टाकी गळत होती ना, पाणी भरायचो नि जायचं." त्या महिन्यात टँकरचा खर्च वाढला म्हणून मीटिंगमध्ये भाडेकरूंना बोल लावला होता. टाकीचं नाव कोणी काढलं नव्हतं.

सेक्रेटरीकाकांनी कागद पाहिला. "छान आहे, पण तो नोव्हेंबर जरा फिकट करता येईल का?" म्हणाले.

शनिवार-रविवार आधी लाल केले होते, बाकीचे हिरवे. झेरॉक्सवर सगळे एकच झाले. आता सुट्टीचे भरीव गोल, बाकीचे पोकळ. कोपऱ्यात छोट्या टँकरांची एक ओळ ठेवलीय, ८ आणि २४, सगळे एका मापाचे. नळ काढून टाकला. थोडं रडू आलं.

फोटो टाकतेय. चुका सांगा.

तिरपी_पट्टी | रात्री १०:३८

भरीव-पोकळ स्वच्छ दिसतंय. कळव्यापर्यंत शिव्या न खाता पोचलो.

रंगायतनची_पायरी | रात्री १०:४५

मस्त! 'गळकी टाकी' हे ठिपक्यांच्या शेजारीच लिही, खाली सूचीत नको, डोळ्याला फेऱ्या पडतात. आणि नळ परत आण, बारीक करून शीर्षकाशेजारी बसव. इतकं काही पाप नाही.

नेरूळकरीण | रात्री १०:५०

नोव्हेंबर फिकट करू नकोस हं.

कंट्रोलकाका | रात्री ११:१५

शाब्बास. चष्मा लावून तारखा तपासत बसलो होतो. सवय जात नाही. पहिल्या वर्षी एप्रिल ३१ दिवसांचा काढलायस, आणि ३१ एप्रिलला पहाटे पाच वाजता एक टँकर आलेला आहे.

शाईचा_डाग | रात्री ११:२२

काका, रजिस्टरमध्ये तसंच लिहिलंय! फोटो आहे माझ्याकडे. ३१ एप्रिल, गाडी नंबर आणि सहीसकट. आता तो ठिपका कुठे ठेवू?